‘तुरळक ठिकाणी’ : हवामानाच्या इशाऱ्याचं एक वाचन

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे. सुरुवातीचं स्वागत आणि शेवटची बरीचशी प्रश्नोत्तरं वगळली आहेत.)



या मालेत आतापर्यंत कविता झाली, कादंबरी झाली, आत्मचरित्रं झाली. मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, मला अशा मजकुरावर बोलायचंय जो तुम्ही सगळ्यांनी वाचलाय, दर पावसाळ्यात वाचता, आणि ज्यावर कुणी समीक्षा लिहीत नाही. हवामानाचा इशारा. संयोजक थोडे गप्प झाले. मग म्हणाले, ‘सर, पण तुम्ही तर मराठी शिकवता.’ म्हणूनच. मी हवामानशास्त्राबद्दल बोलणार नाही, मला ते येत नाही. तो इशारा मराठीत येतो, एवढ्याच अधिकारावर मी इथे उभा आहे.

आणि आधीच सांगून टाकतो, हवामान खात्याची टिंगल करायला आलेलो नाही. खात्याने ऊन सांगितलं की छत्री घेऊन निघावं, हा विनोद माझ्या वडिलांनी केला, मी केला, आता माझी मुलगी करते. तो जुना झाला. १९९९ साली ओडिशात महाचक्रीवादळ आलं, तेव्हा दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर फायलिन आलं, त्याआधी दहा लाखांच्या घरात लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा काही डझनांत राहिला. वादळ येतंय हे शास्त्राला कळतं, आणि कळून उपयोग होतो, याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. कळल्यावर ते सांगायचं कसं?

आता मजकूर बघू. तुमच्या फोनवर पुढच्या तीन तासांचा इशारा येतो. त्याची धाटणी तुम्हाला पाठ असेल. अमुक, तमुक, अमुक या जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट, ताशी इतक्या वेगाचे सोसाट्याचे वारे आणि मध्यम ते जोरदार पावसाची शक्यता आहे. नागरिकांनी सतर्कता बाळगावी.

यातल्या पहिल्याच अडचणीच्या शब्दावर थांबू या. तुरळक.

हवामान खात्याच्या लेखी हा मोजलेला शब्द आहे. एखाद्या विभागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस असेल तर ‘तुरळक ठिकाणी’. पन्नास टक्क्यांपर्यंत ‘काही ठिकाणी’, पंचाहत्तरपर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’, त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणजे पाऊस किती पडणार याच्याशी या शब्दाचा काही संबंध नाही. तो फक्त कितीशा जागी पडणार ते सांगतो. पण आपण मराठी माणसं ‘तुरळक’ कधी म्हणतो? डोक्यावर तुरळक केस. सभेला तुरळक गर्दी. तुरळक म्हणजे विरळ, लक्ष द्यायची गरज नसलेलं. त्यामुळे ‘तुरळक ठिकाणी अत्यंत जोरदार पाऊस’ हे वाक्य कानावर पडतं तेव्हा ‘तुरळक’ आपलं काम करून जातो. ऐकणारा सैल पडतो. हा शब्द इशारा देता देता धीरही देतो.

आता याच शब्दाला एका खऱ्या दिवसावर ठेवून बघा. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. कुलाब्याला त्याच चोवीस तासांत ७३ मिलिमीटर. दोन्ही मुंबईच, मध्ये वीस-पंचवीस किलोमीटर. कुलाब्यातल्या माणसाने त्या दिवशी छत्री झटकली आणि चहा प्यायला. कलिना, कुर्ला, साकीनाक्यात माणसं गाड्यांच्या बंद काचांमागे गुदमरली. त्या दिवशी पाऊस कसा होता? खात्याच्या व्याख्येने तुरळक ठिकाणीच म्हणावं लागेल! व्याख्या चूक नाही. पण त्या व्याख्येसाठी निवडलेला मराठी शब्द चूक आहे. ‘एखाद्या ठिकाणी’ म्हणा, ‘मोजक्या ठिकाणी, पण ते ठिकाण कोणतं ते आत्ता सांगता येत नाही’ असं म्हणा. लांब होतं? होऊ द्या. ‘कोणतं ते सांगता येत नाही’ हीच तर खरी बातमी आहे, आणि ‘तुरळक’ नेमकी तीच लपवतो.

दुसरा शब्द, ‘शक्यता’. हा जरा व्याकरणाचा मुद्दा आहे, सहन करा. मराठीत क्रियापद शेवटी येतं. जिल्ह्यांची यादी, मग ढग, वीज, वारा, पाऊस, आणि अगदी शेवटी ‘शक्यता आहे’. म्हणजे वाक्याचं सगळं वजन जिथे टेकतं तिथे एक डळमळीत खुर्ची ठेवलेली आहे. आणि मूळ इंग्रजीत या शक्यतेला पायऱ्या आहेत. पंचवीस ते पन्नास टक्के, पन्नास ते पंचाहत्तर, पंचाहत्तरच्या पुढे, या प्रत्येकीला वेगळा शब्द आहे. मराठीत येईपर्यंत बहुतेकदा या पायऱ्या झिजून एकच ‘शक्यता’ उरते. चारांत तीन वेळा होणारी गोष्ट आणि तीनांत एकदा होणारी गोष्ट, दोन्हींना आपण एकाच सुरात सांगतो. मग लोक म्हणतात, रोजच शक्यता असते यांची. म्हणणारच.

आता ‘जोरदार’कडे येऊ. इथे मला खरंच गंमत वाटली. खात्याच्या मापात चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’ सुरू होतो, ११५.६ पासून ‘अति जोरदार’, आणि २०४.५ पासून ‘अत्यंत जोरदार’. आता आपल्या महसूल खात्यात या. तिथे एखाद्या मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती ‘अतिवृष्टी’. मग पंचनामे, नुकसानभरपाई. म्हणजे हवामानवाल्यांचा साधा ‘जोरदार’ जिथे सुरू होतो, तिथेच तलाठ्याची ‘अतिवृष्टी’ सुरू होते. आणि वर्तमानपत्रं ‘अतिवृष्टीचा इशारा’ छापतात ते बहुधा दोनशे मिलिमीटरच्या वरच्या पावसासाठी. एकच शब्द, एका जागी पासष्ट, दुसऱ्या जागी दोनशेपाच. शेतकऱ्याच्या कानात अतिवृष्टी म्हणजे पंचनाम्याचा शब्द, झाल्यानंतरचा शब्द. तो आधी ऐकल्यावर त्याने घाबरायचं का अर्ज शोधायचा? (हशा)

शिवाय ही मापं देशभर एकच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, माण-आटपाडीकडे पाचशेच्या आसपास. एका दिवसात शंभर मिलिमीटर म्हणजे घाटमाथ्यावर आषाढातला नेहमीचा दिवस. माणमध्ये तो ओढ्याकाठची घरं नेतो. आणि चोवीस तासांचा हिशेब सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ. तेच शंभर दिवसभर संथ पडले तर भातलावणी होते, तासाभरात पडले तर शहरातला रस्ता नदी होतो. ‘जोरदार’ म्हणताना आपण वेग सांगतो असं ऐकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण बेरीज सांगत असतो.

रंगांबद्दल फार वेळ घेत नाही, पण एक सांगतोच. चार रंग आहेत. हिरवा म्हणजे काही इशारा नाही. पिवळा, लक्ष ठेवा. नारिंगी, तयारीत राहा. लाल, कृती करा. रंगाच्या या भाषेचा पहिला वाचक म्हणजे प्रशासन. कोणत्या रंगाला कुणी काय करायचं याचे आदेश त्यांच्याकडे असतात. ठीक आहे. पण बातमीत काय आलं? यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट. खात्याच्या परिभाषेत ‘अलर्ट’ फक्त नारिंगीला आहे. लाल म्हणजे थेट ‘वॉर्निंग’. तो फरक गेला तो गेलाच, पण प्रत्येक रंगाबरोबरचं जे क्रियापद होतं, लक्ष ठेवा, तयारीत राहा, कृती करा, ते बातमीतून गळून पडलं आणि नुसता रंग राहिला. तोही इंग्रजीत. आमच्याकडे पिवळं म्हटलं की रेशनकार्ड आठवतं, नारिंगी म्हटलं की केशरी कार्ड. आणि सिग्नलला पिवळा दिवा लागला की पुण्यात काय करतात ते मी सांगायला नको. (हशा)

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. ‘नागरिकांनी सतर्कता बाळगावी.’ माझी खरी तक्रार या वाक्याशी आहे.

‘बाळगावी’ हा विध्यर्थ. ‘बाळगा’ हा आज्ञार्थ. घरातली माणसं एकमेकांशी आज्ञार्थात बोलतात. आई ‘छत्री घे’ म्हणते, ‘छत्री घेण्यात यावी’ म्हणत नाही. विध्यर्थात बोलणारा माणूस ऐकणाऱ्याकडे बघत नसतो, तो फायलीकडे बघत असतो. उद्या चौकशी झाली तर ‘आम्ही सांगितलं होतं’ असं म्हणता यावं, यासाठी लिहिलेलं ते वाक्य असतं. आणि ‘इशारा देण्यात आला आहे’? कुणी दिला? कर्मणी प्रयोगात कर्ता अदृश्य करण्याची सोय आहे, आणि सरकारी मराठीला ती सोय फार आवडते. ‘सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे.’ सुरक्षित स्थळ कुठलं? कुलूप कुणाकडे आहे? म्हातारीला कोण उचलणार? गुरांचं काय? या वाक्यात माणूस एकही नाही. ‘नागरिक’ आहेत, पण माणूस नाही.

याच्या समोर एक दुसरा मजकूर ठेवतो. बंदरावरचा बावटा. कोकणात कुठल्याही कोळीवाड्यात विचारा, ‘तीन नंबरचा बावटा लागलाय’ म्हणजे काय. पोर सांगेल, होडी लोटायची नाही. एक खूण, तीही जुन्या इंग्रजी अमदानीतली, आणि तिचा अर्थ लावायला कुणाला परिपत्रक लागत नाही. का? कारण ती ठरलेल्या माणसांसाठी आहे, ठरलेल्या जागी लागते, आणि तिच्यामागे एकच कृती आहे. मी बावट्याचं गुणगान करत नाहीये हं. २००९च्या नोव्हेंबरात फयान आलं, तेव्हा ज्या होड्या आधीच समुद्रात होत्या त्यांना बंदरावरचा बावटा दिसणार कसा? खुणेची ताकद हीच तिची मर्यादा, नजरेच्या टप्प्यात असेल तरच.

लोक दवंडीचीही आठवण काढतात. हलगी वाजली की गाव दारात यायचं, किती छान होतं, वगैरे. छान कुणासाठी होतं? ती हलगी कुणाच्या गळ्यात होती आणि का होती, हे विसरून तिच्याबद्दल हळवं होणं मला जमत नाही. पण मजकूर म्हणून दवंडी बघितली तर एक गोष्ट मान्य करावी लागते: ती सांगणारा माणूस समोर उभा असायचा. त्याला उलट विचारता यायचं. फोनवरच्या इशाऱ्याला उलट काही विचारता येत नाही.

आणि पंचांग. मृगाचं वाहन कोणतं, बेडूक का म्हैस, यावर आजही गावाच्या पारावर गंभीर चर्चा होते. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, हत्तीचा पाऊस, काय शब्द आहेत! या भाषेपुढे ‘मध्यम ते जोरदार’ म्हणजे कोरडी भाकरी. पण पंचांगाने कुणाला कधी घराबाहेर काढलेलं नाही. ते पावसाचं वर्णन करतं, इशारा देत नाही, आणि म्हणून त्याच्याकडे कुणी हिशेबही मागत नाही. २०१७ साली बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी अंदाज चुकला म्हणून हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. लोक हसले त्यावर. मला ती तक्रार महत्त्वाची वाटते. ज्याच्या शब्दावर बियाणं मातीत टाकलं, त्याच्याविरुद्धच माणूस तक्रार करतो. पंचांगाविरुद्ध एक तरी तक्रार ऐकलीय?

हल्ली यात आणखी एक लेखनप्रकार आलाय. यूट्यूबवर आणि व्हॉट्सॲपवर अंदाज सांगणारी मंडळी. त्यांच्या शास्त्राबद्दल शास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत, आणि ते आक्षेप मला पटतात. पण त्यांचं वाक्य ऐका. ‘शेतकऱ्यांनो, अमुक तारखेच्या आत सोयाबीन काढून झाकून घ्या.’ संबोधन, तारीख, पीक, काम. आज्ञार्थ! लोक त्यांच्यामागे अडाणीपणाने जातात असं शहरात बसून म्हणायला सोपं आहे. मला वाटतं, त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी नावाने हाक मारलेली असते. ज्यांच्याकडे शास्त्र आहे त्यांच्याकडे वाक्य नाही, आणि ज्यांच्याकडे वाक्य आहे त्यांच्याकडे शास्त्र नाही, अशी ही अवस्था आहे.

विजेचं थोडक्यात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे, आपल्या वीस-चाळीस किलोमीटरच्या परिसरात वीज कुठे पडतेय ते सांगतं. चांगलं आहे, घ्या. पण वीज पडून जाणारा माणूस बहुधा शेतात असतो, फोन झाडाला टांगलेल्या पिशवीत असतो, आणि पाऊस आला की तो त्याच झाडाखाली जातो. त्याला ॲपच्या आधी ‘झाडाखाली थांबू नको’ हे वाक्य हवं, आणि ते मे महिन्यात हवं, ढग आल्यावर नको.

आता मी स्वतः एक इशारा लिहून बघतो. समीक्षकाने कधीतरी लिहून दाखवावं, म्हणजे त्याची जिरते. समजा डोंगराखालची एक वाडी आहे.

‘वाडीतल्या सगळ्यांना. आज रात्री डोंगरावर फार मोठा पाऊस आहे. दरड येऊ शकते. दिवस मावळायच्या आत खालच्या शाळेत या. जेवणाची, अंथरुणाची सोय केली आहे. गुरांची दावी सोडून द्या. म्हाताऱ्या माणसांना आणायला पाच वाजता पोरं येतील. काही विचारायचं असेल तर मला फोन करा.’ आणि खाली तलाठ्याचं किंवा पोलीस पाटलाचं नाव, नंबर.

बरं वाटतंय ना? मलाही वाटलं. मग मी माझाच मजकूर समीक्षकाच्या नजरेने वाचला. ‘खालच्या शाळेत या’ असं लिहायला शाळा उघडी असावी लागते. ‘सोय केली आहे’ असं लिहायला कुणीतरी तांदूळ आणलेला असावा लागतो. ‘पोरं येतील’ म्हणायला पोरं ठरलेली असावी लागतात. म्हणजे हा मजकूर मराठी चांगलं आहे म्हणून लिहिता येत नाही, आधी कुणीतरी निर्णय घेतलेला असेल तरच लिहिता येतो. आणि तो घेतलेला नसेल तेव्हा ‘सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे’ असं लिहावं लागतं. मी इतका वेळ ज्याला वाईट मराठी म्हणत होतो, ते न घेतलेल्या निर्णयाचं अगदी अचूक मराठी आहे.

१९ जुलै २०२३. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. इर्शाळगडाच्या पोटातली ठाकरांची वस्ती, गाडीरस्ता नाही, खालून चालत चढायचं. रायगड जिल्ह्याला मोठ्या पावसाचा इशारा होता. रात्री दरड आली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली, शोध थांबवला गेला. नंतर सरकारने सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २२ जुलै २०२१ला, त्याच जिल्ह्यात महाडजवळच्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसं गेली होती. इर्शाळवाडीपुढे माझी सगळी शब्दचिकित्सा थांबते, हे मला कबूल केलं पाहिजे. यादीत नसलेल्या वाडीला कितीही उत्तम मराठीत लिहिलेला इशारा कुणी पाठवणार नव्हतं. मजकुराला पत्ताच नव्हता.

आणि त्याच आठवड्यात महाराष्ट्रात अनेकांचे मोबाईल अचानक भोंग्यासारखे वाजले होते, आठवतंय? आपत्तीच्या इशाऱ्याची नवी यंत्रणा तपासत होते. पडद्यावर मजकूर आला, त्याचा मथितार्थ असा की हा चाचणीचा संदेश आहे, तुम्हाला काहीही करायची गरज नाही. त्या आठवड्यातला सगळ्यांत मोठ्या आवाजातला इशारा हा होता. यात कुणाचा दोष नाही, चाचणी करावीच लागते, आणि आवाज तर छान मोठा होता. त्या आवाजाच्या आत कुठलं वाक्य घालायचं, हे मात्र अजून ठरायचं आहे.

(यानंतर प्रश्नोत्तरं झाली. त्यांतलं एक इथे दिलं आहे.)

प्रश्न : सर, तुम्ही म्हणता तसं ‘शाळेत या’ म्हणून सगळ्यांना बोलावलं आणि पाऊस आलाच नाही तर? पुढच्या वेळी कोण येईल?

बरोबर आहे. हा प्रश्न तलाठीही विचारेल, आणि त्याचा तो हक्क आहे. सोय फुकट गेली म्हणून बोलणी त्यालाच खावी लागतात. पण बघा, इथे एक मजकूर कमी आहे. इशारा येतो, आणि मग काहीच येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी लिहीत नाही की, ‘काल आम्ही तुम्हाला खाली बोलावलं. ढग पलीकडच्या खोऱ्यात गेले, तिथे पाऊस झाला, आपल्याकडे झाला नाही. तुम्ही आलात, बरं केलंत. या पावसाळ्यात पुन्हा एक-दोनदा असं होईल, तेव्हाही या.’ चार वाक्यं. रात्रभर शाळेच्या फरशीवर झोपलेल्या माणसाला एवढा खुलासा मिळाला तर त्याला फसवल्यासारखं वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे. अंदाजच म्हणतो, शक्यता म्हणत नाही. (हशा) असा दुसऱ्या दिवशीचा मजकूर मी बरीच वर्षं शोधतोय. कुठल्या ग्रामपंचायतीने, कुठल्या तहसीलदाराने कधी लिहिला असेल आणि तुमच्यापैकी कुणाच्या फोनमध्ये तो पडून असेल, तर मला नक्की पाठवा.